‘पगारी आंदोलक’ या आरोपाचा प्रतिवाद

घरांच्या हक्कासाठी आणि पर्यावरणीय न्यायासाठी, म्हणजे प्रदूषणाचा बोजा दुबळ्यांच्याच वस्त्यांवर पडू नये यासाठी, वस्तीपातळीवर काम करणाऱ्या संघटकांविषयी एक मजकूर शब्द बदलून पुन्हा पुन्हा पुढे पाठवला जातो. त्याचा आशय थोडक्यात असा : ही माणसे बाहेरची असतात आणि बाहेरच्या पैशावर जगतात; त्यांना विज्ञान कळत नाही, फक्त लोकांना चिथावता येते; घर हा एक प्रश्न आणि प्रदूषण हा दुसरा, पण ते दोहोंची गल्लत करतात आणि पर्यायी घर मिळाले तरी ते नाकारायला शिकवतात; त्यांच्यामुळे प्रकल्प रखडतात; आणि एवढे होऊनही लोकांच्या हाती काही लागत नाही. यातला प्रत्येक आरोप निव्वळ खोटा आहे असे मी म्हणणार नाही, कारण दोन ठिकाणी त्यात तथ्य आहे आणि ते मी मान्य करणार आहे. परंतु संघटन म्हणजे घोषणा आणि मोर्चा एवढेच असते, हे या मजकुराचे मूळ गृहीतक चुकीचे आहे. या कामाचा बराचसा वेळ घरे मोजण्यात, वह्या भरण्यात, नकाशे काढण्यात आणि कंटाळवाण्या बैठकांत जातो.

‘हे लोक बाहेरचे असतात’ हा आरोप तपासायला सर्वांत सोपा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. शिकागोच्या दक्षिण टोकाला असलेल्या अल्टगेल्ड गार्डन्स या सार्वजनिक गृहवसाहतीत हेझेल जॉन्सन १९६२ पासून राहत होत्या. १९६९ मध्ये त्यांचे पती फुफ्फुसाच्या कर्करोगाने गेले. आपल्या भागात कर्करोगाचे प्रमाण जास्त असल्याची बातमी पुढे कानावर आली, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांच्या दारोदारी जाऊन कोणाला काय आजार आहे याच्या नोंदी करायला सुरुवात केली. कचऱ्याचे डेपो, सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कारखाने यांनी वसाहतीभोवती जो वेढा घातला होता, त्याला त्यांनी ‘विषारी डोनट’ असे नाव दिले. १९७९ मध्ये त्यांनी उभी केलेली ‘पीपल फॉर कम्युनिटी रिकव्हरी’ ही संघटना त्याच वसाहतीतील भाडेकरूंची होती आणि तिचे सुरुवातीचे काम घरांच्या दुरुस्तीच्या तक्रारींचे होते. या बाई बाहेरून आलेल्या नव्हत्या. बाहेरून आला होता तो कचरा.

पैशाचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही. देणगीदाराच्या अहवालाला शोभतील तेवढेच कार्यक्रम करणाऱ्या संस्था असतात, आणि वस्तीतला पुढारी बिल्डरचा दलाल होतो हेही घडते. प्रश्न असा आहे की पैसा आला म्हणजे निर्णयही पैसेवाल्याकडे जातो का. बॉस्टनच्या रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीट परिसरात १९८५ साली याची कसोटी लागली. तेथे ओसाड पडलेले भूखंड सुमारे तेराशे होते आणि शहरभरचा राडारोडा रात्री-अपरात्री तेथे येऊन पडत असे. एका धर्मादाय निधीच्या पुढाकाराने पुनर्बांधणीची योजना मांडण्यासाठी सभा बोलावली गेली; प्रस्तावित मंडळात रहिवाशांना मोजक्याच जागा ठेवलेल्या होत्या. सभेतल्या लोकांनी व्यासपीठावरच्यांना विचारले, की तुमच्यापैकी येथे राहते कोण? पुढच्या काही आठवड्यांत संस्थेची नियमावली नव्याने लिहिली गेली आणि मंडळात बहुमत रहिवाशांचे झाले. त्या संघटनेने पहिली मोठी मोहीम कचरा टाकण्याविरुद्ध चालवली आणि कचऱ्याची बेकायदा केंद्रे बंद पाडली. १९८८ मध्ये तर त्या परिसरातील ओसाड खासगी भूखंड सक्तीने संपादित करण्याचा अधिकार या रहिवासी संस्थेला शहराकडून मिळाला, जो एरवी सरकारी यंत्रणेलाच असतो. निधी बाहेरचा होता, यात शंका नाही. निर्णय बाहेरचे राहिले नाहीत.

आता विज्ञानाकडे येऊ, कारण आरोपांतला हा भाग सुशिक्षितांना सर्वाधिक पटतो. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा फॉल्स शहरात लव्ह कॅनॉल नावाचा एक अर्धवट खणलेला कालवा होता. हूकर केमिकल कंपनीने १९४२ ते १९५३ या काळात त्यात सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला आणि नंतर ती जमीन एका डॉलरला शाळा मंडळाच्या नावे करून दिली. वर शाळा झाली, भोवती घरे झाली. १९७८ मध्ये लोइस गिब्स या तेथील गृहिणीने, मुलगा त्याच शाळेत जाऊन वारंवार आजारी पडत असल्यामुळे, अर्ज घेऊन घरोघरी फिरायला सुरुवात केली. लोक सह्या करण्याआधी आपापली दुखणी सांगत. त्या नोंदी नकाशावर मांडल्यावर दिसले की आजारी घरे कालव्याभोवती वर्तुळात नाहीत, तर ठरावीक रेषांत आहेत. आणि जुन्या रहिवाशांनी सांगितले की बुजवलेल्या ओढ्यांचे मार्ग नेमके तेच होते. बेव्हर्ली पेगन या संशोधिकेने ही माहिती नीट अभ्यासली. राज्याच्या आरोग्य खात्याने आधी ती गृहिणींनी गोळा केलेली माहिती म्हणून बाजूला सारली, पण फेब्रुवारी १९७९ मध्ये त्याच खात्याला कालव्याभोवती आधी घातलेल्या कुंपणाबाहेरील घरांतल्या गरोदर स्त्रियांनी आणि दोन वर्षांखालील मुलांनी परिसर सोडावा असा सल्ला द्यावा लागला. १९८० च्या डिसेंबरात अमेरिकेत विषारी जागांच्या सफाईचा जो ‘सुपरफंड’ कायदा झाला, त्यामागे ही घटना मोठ्या प्रमाणात होती. बुजवलेल्या ओढ्यांची ती माहिती कोणत्याही प्रयोगशाळेत मिळाली नसती, आणि केवळ वस्तीच्या आठवणीवर पेगन यांचा अभ्यासही उभा राहिला नसता. संघटकाचे काम या दोघांना एका टेबलाशी बसवण्याचे होते.

मोजमापाची साधनेही लोकांनी अशीच आपलीशी केली. हवेचा नमुना घेण्याचे प्रयोगशाळेचे उपकरण महाग असल्यामुळे १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात एडवर्ड मॅसरी या वकिलाने त्याची स्वस्त आवृत्ती करवून घेतली. ते साधन म्हणजे प्लास्टिकची एक साधी बादली. तिच्या आत रसायनांशी अभिक्रिया न करणारी खास पिशवी बसवायची, झाकण घट्ट लावायचे आणि छोट्या पंपाने बादलीतली हवा बाहेर ओढायची. आत पोकळी झाली की बाहेरची हवा नळीवाटे पिशवीत शिरते. मग पिशवी बंद करून, वेळ आणि वाऱ्याची दिशा लिहून, ती प्रयोगशाळेकडे रवाना करायची. लुइझियानातील नॉर्को येथील डायमंड ही कृष्णवर्णीयांची चार रस्त्यांची वस्ती शेल कंपनीचा रासायनिक कारखाना आणि तेलशुद्धीकरण कारखाना यांच्या मधोमध होती. मार्गी रिचर्ड या शिक्षिकेच्या नेतृत्वाखाली तेथील लोकांनी हीच बादली वापरली. कंपनीने आधी कुंपणालगतच्या दोनच रस्त्यांवरील घरे विकत घेण्याची तयारी दाखवली. उरलेल्या दोन रस्त्यांना मागे टाकून निघायचे नाही, हे लोकांनी ठरवले, आणि जून २००२ मध्ये चारही रस्त्यांसाठी समझोता झाला. चिथावणी म्हणतात ती यात कोठे बसते, हे मला अद्याप समजलेले नाही. तमिळनाडूतील कडलूरच्या औद्योगिक वसाहतीभोवतीच्या गावकऱ्यांनीही २००४ पासून अशाच बादल्यांनी हवेचे नमुने घेतले.

घर आणि प्रदूषण हे वेगळे प्रश्न आहेत, असे ते कार्यालयांच्या पाट्यांवर असतात म्हणून वाटते. राहणाऱ्याला ते वेगळे करता येत नाहीत. मुंबईत तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या न्यायालयाच्या आदेशानुसार हटवल्या गेल्या आणि तेथील कुटुंबांना माहुल येथे इमारतींत घरे देण्यात आली. कागदावर हे पुनर्वसन पूर्ण झाले होते. परंतु माहुल हा तेलशुद्धीकरण आणि रसायनसाठवण प्रकल्पांना चिकटलेला भाग आहे, आणि तेथील हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच, वेगळ्या एका प्रकरणात, नोंदवले होते. ‘पर्यायी घर दिले तरी नको म्हणतात’ हे वाक्य अशा ठिकाणी लागू केले जाते. येथे नाकारले गेले ते घर नव्हते, तर श्वास घेता येत नाही अशा जागी टाकले जाणे. विस्थापित कुटुंबे २०१८ च्या ऑक्टोबरपासून विद्याविहार येथे, आपल्या पाडलेल्या घरांजवळच्या पदपथावर, महिनोन्महिने बसून राहिली. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही माहुलला जाण्याची सक्ती करता येणार नाही असे बजावले आणि ज्यांना तेथे राहायचे नाही त्यांना भाड्याची रक्कम देण्याचे आदेश महापालिकेला दिले.

पर्यावरणाचे नाव पुढे करून घरबांधणी अडवली जाते, हे मात्र खरे आहे, आणि हे मान्य करायचे दुसरे तथ्य. कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या वसतिगृह प्रकल्पाविरुद्ध रहिवाशांच्या गटांनी पर्यावरण कायद्याखाली दावा लावला, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या गोंगाटाचाही पर्यावरणीय परिणाम म्हणून विचार व्हायला हवा होता असा निर्णय दिला. त्याच वर्षी विधिमंडळाला कायदा बदलावा लागला. पण आपल्या शेजारी आणखी लोक येऊ नयेत म्हणून भांडणे आणि आपल्याला आपल्या घरातून जावे लागू नये म्हणून भांडणे, या दोन गोष्टी एकाच नावाखाली ढकलणे प्रामाणिकपणाचे नाही.

प्रकल्प रखडण्याचा आरोप मुंबईच्याच एका अनुभवाशी ताडून पाहावा. लोहमार्गाला खेटून असलेल्या झोपड्यांमुळे उपनगरी गाड्यांचा वेग कमी ठेवावा लागे. जागतिक बँकेच्या कर्जाने हा मार्ग सुधारण्याची योजना आली, तेव्हा जॉकिन अर्पुतम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ, महिला मिलन आणि स्पार्क या संघटनांनी घरांना क्रमांक टाकले, कुटुंबांच्या याद्या केल्या, त्या वस्तीतच जाहीर करून चुका दुरुस्त करून घेतल्या आणि हलण्याआधीच शेजाऱ्यांचे गट बांधले. सुमारे ६०,००० लोक सक्तीशिवाय रुळांपासून दूर गेले. त्याच प्रकल्पाच्या रस्त्यांच्या भागात बाधितांच्या तक्रारी वेळेवर ऐकल्या गेल्या नाहीत. त्या बँकेच्या तपासणी पॅनेलपर्यंत पोहोचल्या आणि २००६ मध्ये बँकेने काही काळ निधीच थांबवला. नव्या इमारतींतील लोकांचे हाल संपले असेही नाही, तो स्वतंत्र आणि कडू विषय आहे. पण काम खोळंबले ते कोठे, एवढे तरी यावरून स्पष्ट होते.

कराचीच्या ओरंगी भागात १९८० मध्ये अख्तर हमीद खान यांनी सुरू केलेल्या उपक्रमात तर सरकारची वाट न पाहता गल्लीगल्लीने भूमिगत गटारे झाली. वीस-तीस घरांची गल्ली हे एकक. गल्लीने आपला व्यवस्थापक निवडायचा, त्याने पैसे गोळा करायचे, मोजणी आणि नकाशा उपक्रमाने द्यायचा, आणि मुख्य नाल्याची जबाबदारी शासनाची. हे काम पुढे नेणाऱ्या वास्तुरचनाकार परवीन रहमान यांनी शहराचे नाले, जमिनी आणि पाणीचोरीची ठिकाणे नकाशावर आणली होती. मार्च २०१३ मध्ये कराचीत त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. या कामात मलई असते असे मानणाऱ्यांनी ही नोंद वाचावी.

शेवटचा आरोप, हाती काही लागत नाही. नॉर्थ कॅरोलायनातील वॉरन काउंटीत १९८२ साली पीसीबी या विषारी द्रव्याने दूषित मातीचा डेपो अडवण्यासाठी लोक ट्रकांसमोर रस्त्यावर झोपले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. डेपो तरीही झाला. म्हणजे ती लढाई ते हरले. पण घातक कचऱ्याच्या जागा कोणाच्या शेजारी निवडल्या जातात याची अधिकृत पाहणी त्यानंतर लगेच, १९८३ मध्ये झाली, आणि १९९४ चा पर्यावरणीय न्यायाचा अध्यक्षीय आदेश त्याच साखळीतला आहे. तो निघाला त्या समारंभाला हेझेल जॉन्सन हजर होत्या. २०२५ च्या जानेवारीत तो आदेश रद्द झाला.

मिळालेले परत जाऊ शकते, ही गोष्ट संघटकांना टीकाकारांपेक्षा आधी माहीत असते. प्वेर्तो रिकोच्या सान हुआन शहरात मार्टिन पेन्या या तुंबलेल्या खाडीकाठच्या वस्त्यांना पूर आला की सांडपाणी घरात येई. खाडी उपसायची, पण पाणी स्वच्छ झाल्यावर जमिनीचे भाव चढून आपल्यालाच निघावे लागेल, हे त्यांनी आधीच ओळखले. म्हणून शेकडो बैठकांनंतर त्यांनी जमीन वैयक्तिक नावावर न घेता सामूहिक न्यासाकडे ठेवण्याची मागणी केली, आणि २००४ च्या कायद्याने सुमारे २०० एकर जमीन त्या व्यवस्थेखाली आली. २००९ मध्ये सरकारने कायदा बदलून ती काढून घेतली. वस्त्यांनी बैठका थांबवल्या नाहीत, आणि २०१३ मध्ये जमीन न्यासाकडे परत आली.