चार टक्क्यांचा माणूस

नवीन प्रोसेसर आला की घरातला जुना आपोआप स्लो होतो, हे मी स्वतः अनुभवलंय. आदल्या दिवशीपर्यंत बिचारा नीट चालत असतो, कुणाची काही तक्रार नसते, आणि मग रात्री अकराला आपण एक रिव्ह्यू बघायला घेतो, त्यातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, दीड वाजतो, आणि सकाळी तोच कॉम्प्युटर चालू करताना वाटतं, अरे काय हे, अजून गोल फिरतंच आहे!

माझ्याकडे एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे. २०१९ चा, ६ कोर (म्हणजे कामाचे सहा हात), १२ थ्रेड (एकावेळी कामाचे बारा धागे). घेतला तेव्हा मीच सगळ्यांना सांगत सुटलो होतो की आता दहा वर्षं या विषयाकडे बघायला नको. पाचच वर्षांत, २०२४ च्या नोव्हेंबरात, रायझन ७ ९८००एक्स३डी नावाचं प्रकरण आलं (नाव आहे की गाडीची नंबरप्लेट) आणि माझी झोप गेली.

काही लोक असतात, त्यांना एखादी गोष्ट हवी असली की हवी म्हणतात आणि घेऊन मोकळे होतात. मला ते जमत नाही. मला कारण लागतं, आणि तेही असं भक्कम की उद्या कुणी विचारलं तर छाती पुढे काढून सांगता आलं पाहिजे. विचारणारं कुणी नसतं ही गोष्ट वेगळी. तर मी कारण शोधायला निघालो.

सगळ्यात सोपं कारण म्हणजे जुना पुरत नाही. म्हणून भरपूर टॅब उघडले, एक्सेलची मोठी फाईल उघडली, बाजूला गाणी लावली आणि प्रोसेसर किती राबतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर बघितला. ४ टक्के. मला वाटलं चुकून बघितलं, म्हणून आणखी दहा टॅब उघडले, आकडा जरा ११ वर गेला आणि परत येऊन ४ वर बसला. इतका अपमान बरेच दिवसांत झाला नव्हता. चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ४०० कोटी ठोके. मी टाईप करताना दोन अक्षरांमधे सेकंदाचा पाचवा भाग जरी घेतला, तरी तेवढ्यात त्याचे ८० कोटी ठोके होऊन जातात, आणि मी तर 'शी' पहिली की दुसरी यावर चांगला चार-पाच सेकंद अडकतो. म्हणजे त्या वेळात तो काय करत असेल? माझी वाट बघत असेल. घरात स्लो कोण आहे हे त्या ४ टक्क्यांत स्पष्ट लिहिलं होतं, पण मी ती खिडकी बंद केली.

मग विंडोज. दहाचा सपोर्ट २०२५ च्या ऑक्टोबरात संपणार होता आणि अकराला जुने प्रोसेसर चालत नाहीत असं ऐकलं होतं. मोठ्या आशेने तपासणीचं सॉफ्टवेअर चालवलं आणि काय सांगू, लाल फुली! "तुमचा पीसी चालणार नाही." परीक्षेत नापास झाल्याचा एवढा आनंद मला पहिल्यांदाच झाला. लगेच भाच्याला फोन केला. भाचा एकोणीस वर्षांचा आहे आणि या विषयातलं आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट.

"मामा, प्रोसेसर चालतो तुझा. टीपीएम बंद असेल, बायोसमधे जाऊन ऑन कर."

"पण लाल फुली आलीये रे."

"ऑन कर, जाईल."

केलं. गेली. टीपीएम म्हणजे सुरक्षेची एक सोय, आणि बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणारं सेटिंगचं पान. तिथे मी जेमतेम अर्धा मिनिट होतो, रागारागात ते एक ऑप्शन चालू केलं आणि सेव्ह करून बाहेर. तिथे आणखी काय काय लिहिलंय हे बघायची इच्छाच राहिली नव्हती, हे पुढे महागात पडलं.

आता राहिलं गेमिंग. मी गेम खेळतो, म्हणजे महिन्यातून दोन रविवार खेळतो, पण खेळतो. आणि हा नवीन प्राणी खास गेमसाठीच जन्माला आलेला. त्याची खुबी काय, तर कॅश. आपली नोटांची नव्हे, ती फक्त जाते. प्रोसेसरच्या पोटातली मेमरी. प्रोसेसरला काही हवं असेल तर रॅमपर्यंत जाऊन यायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात, आणि चार गिगाहर्ट्झच्या हिशोबाने तेवढ्यात तीनशेच्या वर ठोके फुकट. उशाशी चष्मा असणं आणि माळ्यावरच्या ट्रंकेत चष्मा असणं असा फरक. माझ्या ३६०० मधे ही कॅश (एल३ म्हणतात तिला) ३२ एमबी, यात ९६. त्यासाठी कॅशचा एक वेगळा तुकडाच चिकटवलाय, आणि आधीच्या पिढ्यांमधे तो कोरच्या डोक्यावर असायचा त्यामुळे खालच्या कोरना गरम व्हायचं आणि वेग जरा आवरता घ्यावा लागायचा, तर यावेळी त्यांनी तो तुकडाच कोरच्या खाली घातला, की कोर वर, कूलरला लागून. इतकी साधी युक्ती, पण वाचून मी अक्षरशः खुर्चीत सरळ होऊन बसलो. याला म्हणतात डोकं. हे घेतलंच पाहिजे. आपल्या एक्सेलला याचा उपयोग शून्य, हे मला माहीत होतं, पण मधेच ते कशाला काढायचं.

रिव्ह्यूतले ग्राफ तर विचारू नका. एक पट्टी पार उजवीकडे, दुसरी तिच्या निम्मी, वाटतं दुप्पट वेगवान, आणि आकडे वाचले तर सेकंदाला २०३ फ्रेम, म्हणजे चित्रं, आणि १९७, कारण पट्टी शून्यापासून सुरूच नाही, १९० पासून आहे. शिवाय ही मंडळी टेस्ट करताना सगळ्यात दांडगं ग्राफिक्स कार्ड लावतात आणि रिझोल्यूशन मुद्दाम कमी ठेवतात. त्यात फसवाफसवी नाही बरं का, कार्डच मागे पडून आडवं आलं तर प्रोसेसरमधला फरक दिसणारच नाही म्हणून तसं करावंच लागतं. फक्त माझ्या घरी कार्ड आडवं येतं. येतं म्हणजे पाय पसरून बसलेलं असतं.

"मामा, तुझा मॉनिटर किती हर्ट्झचा आहे?" सुप्रीम कोर्टाने विचारलं.

"साठ."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"मग तुला सेकंदाला दोनशे फ्रेम दिसणार कुठे? साठ हर्ट्झला साठच दिसणार ना. मॉनिटर बदल."

बघा, म्हणजे प्रोसेसर घ्यायचा तर मॉनिटर. आणि तेवढ्यावर थांबत नाही, याचा सॉकेट, म्हणजे बोर्डावरची बसायची जागा, वेगळा, माझा एएम४, तो एएम५, म्हणजे मदरबोर्ड नवीन. त्या बोर्डाला डीडीआर५ च चालते, म्हणजे रॅम नवीन. जुन्याबरोबर आलेला टीचभर कूलर याला पुरणार नाही, म्हणजे कूलर नवीन. एक बटण शिवायला बसलो आणि सबंध शर्ट उसवला. भाचा म्हणाला, एवढं कशाला करतोस, ५७००एक्स३डी टाक, ८ कोर आहेत, ९६ एमबी कॅश त्यातही आहे, तुझ्याच बोर्डावर बसेल, फक्त बायोस अपडेट कर. इतका शहाणपणाचा सल्ला की मला त्याचा रागच आला. अरे, तो जुन्या पिढीतला आहे! मी तीन आठवडे जागलोय ते जुन्यासाठी?

कोरचं म्हणाल तर तिथेही आमचे संगणकतज्ज्ञ जीन आमडाल १९६७ मधेच खुंटा मारून ठेवून गेलेत. कामाचा दहावा हिस्सा जरी एकामागे एक करण्यातला असेल, तर हजार कोर लावा, काम दहापट वेगाच्या पुढे जाणार नाही. माझं बरंचसं काम एकामागे एकच आहे. शिवाय मधे मी आहे.

शेवटचा आधार व्हिडिओचा. मी वर्षातून दोनदा घरातले व्हिडिओ जोडून एक फाईल बनवतो. वहीत हिशोब मांडला. नवीन प्रोसेसरने प्रत्येक वेळी फार तर पाच मिनिटं वाचतील, म्हणजे वर्षाला दहा. आणि रिव्ह्यू बघण्यात आत्तापर्यंत गेलेले तास, कमीत कमी धरले तरी चाळीस. चाळीस तासांची मिनिटं २४००. भागिले दहा. २४० वर्षं. वही मिटली, जाऊन झोपलो, आणि नक्की ठरलं, घ्यायचा नाही.

पण हात स्वस्थ बसतात का. म्हटलं नवीन नाही तर नाही, आहे त्याची निदान थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता कूलरपर्यंत नेणारा लेप, बदलू, पाच वर्षं झालीत, वाळून खडखडीत झाली असेल. ट्यूब मागवली, कॅबिनेट उघडलं, कूलरचे चार स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. निघेना. जरा जोर लावला. फट्ट असा आवाज आला आणि कूलर हातात आला, आणि त्याच्या खाली चिकटून, सॉकेटची खिट्टी बंद असतानाही, अख्खा प्रोसेसर! आधी मशीन थोडं तापवायचं, मग कूलर हलकेच फिरवून सोडवायचा, हे प्रत्येकजण सांगतो, मीही दोन जणांना सांगितलेलं आहे.

एएम४ च्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना असतात. केसाएवढ्या, सोनेरी, ओळीने उभ्या. बॅटरीच्या उजेडात तिरका धरून बघितलं तर कोपऱ्याजवळच्या दोन पिना शेजारणीच्या खांद्यावर मान टाकून पडलेल्या. मी श्वास घ्यायचा थांबलो. बारीक लेडची पेन्सिल असते ना, तिच्यातलं लेड काढून टाकायचं आणि ते रिकामं टोक पिनेवर चढवून अगदी हळू सरळ करायचं, असा एक उपाय आहे. पहिली पिन बऱ्या बोलाने उभी राहिली. दुसरी थोडी जास्त पलीकडे गेली, मग अलीकडे आणली, मग परत पलीकडे, आणि दर वेळी वाटत होतं आता तुटली. तासभर गेला असेल. ज्या प्रोसेसरला तीन आठवडे मी नावं ठेवत होतो त्याच्याशी मी चक्क बोलत होतो, हो रे, झालं रे, एवढीच रे.

तिसऱ्या प्रयत्नाला तो सॉकेटमधे आपल्या वजनाने अलगद बसला. पेस्ट लावली, कूलर चढवला, बटण दाबलं. पंखा फिरला, स्क्रीन काळी. काळीच. बरीच काळी. आणि मग पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटली, नवीन सीपीयू बसवला आहे, सेटअपसाठी एफ१ दाबा.

ही खरी माझ्या बोर्डाची प्रतिक्रिया. मी हसू आवरत फोटो काढला, भाच्याला पाठवला आणि एफ१ दाबलं. यावेळी घाई नव्हती म्हणून पान नीट वाचलं. उजवीकडे लिहिलं होतं, मेमरी २१३३. माझी रॅम ३२०० ची आहे. तिला पूर्ण वेगाने पळवणारं एक्सएमपी नावाचं सेटिंग हाताने चालू करावं लागतं आणि ते मी २०१९ पासून केलेलंच नव्हतं. वर या प्रोसेसरच्या आतली ये-जा रॅमच्याच वेगाला बांधलेली असते, म्हणजे पाच वर्षं त्याचे पाय मीच बांधून ठेवले होते आणि वर स्लो म्हणत होतो. टीपीएम चालू करायला आलो होतो तेव्हाही तो आकडा तिथेच असणार.

एक्सएमपी चालू केलं, सेव्ह केलं. विंडोज सुरू झालं तोवर भाच्याचा मेसेज आला होता.

"घेतलास शेवटी! भारी!! कुठला?"

मी थोडा वेळ बघत बसलो आणि मग टाईप केलं, ३६००.