काट्यावरचा बारगीर

घोड्यावर बसण्याआधी माझं वजन झालं. चारचौघांत, जवाच्या गोणी तोलायच्या काट्यावर. या गोष्टीला तीन आठवडे झाले. मी ती विसरलेलो नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

स्थळ इटली, फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधला कियांतीचा डोंगराळ पट्टा. सहा दिवस घोड्यावरून द्राक्षमळे हिंडायचे, रात्री शेतघरात मुक्काम, संध्याकाळी वाईन. बुकिंगच्या फॉर्मवर वजनाचा रकाना होता, मर्यादा ८५ किलो. मी मार्चमध्ये ८३ लिहिलं. ते खोटं नव्हतं. सकाळी, उपाशीपोटी, फक्त टॉवेल गुंडाळून घेतलेलं वजन होतं ते. सहल मात्र सप्टेंबरात होती आणि मध्ये हापूस येऊन गेला.

तबेल्याच्या मालकीणबाई हसतमुख होत्या, इंग्रजी बोलत होत्या. त्यांचे वडील दोन्ही नव्हते. म्हातारबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत, काट्याला टेकून बसले होते. काटाही आकड्यांच्या चटपटीत पडद्याचा नव्हे, मार्केट यार्डात कांद्याच्या गोणीला लावतात तसा लोखंडी, दांडीवर सरकत्या वजनाचा. पडद्याचा काटा निदान एकदाच काय तो अपमान करून मोकळा होतो. दांडीचा काटा माणसाला तंगवतो. म्हातारबा वजन बोटाने सरकवणार, दांडी हलणार, ते चष्मा कपाळावर चढवणार, परत सरकवणार. मागे रांगेत दोन डच बायका, एक जर्मन जोडपं आणि माझी स्वतःची बायको. ती नुकतीच ५८ भरून एका देखण्या अरबी घोडीशेजारी जाऊन उभी राहिली होती.

"ओत्तांतासेइ ए क्वात्रो!" म्हातारबांनी पुकारा केला. शहाऐंशी पूर्णांक चार. मालकीणबाईंनी वहीत लिहिलं.

"हे बुटांसकट आहे," मी म्हणालो.

मालकीणबाईंनी भाषांतर केलं. म्हातारबा बराच वेळ बोलले. त्याचं इंग्रजी एका ओळीचं झालं, "बाबा विचारतायत, घोड्यावर बूट काढून बसणार का?"

"शिरस्त्राणाचंच अर्धा किलो आहे."

परत लांबलचक इटालियन. "बाबा म्हणतात, डोकं इथे ठेवून जाणार असाल तर शिरस्त्राणही ठेवा."

डच बायका हसल्या. मग झडती सुरू झाली. कमरेच्या पिशवीतून कॅमेरा निघाला, नऊशे ग्रॅम. मोबाईल चार्ज करायची वीट निघाली, साडेतीनशे. दांडी अजून नाक वर करून होती. म्हातारबांनी माझ्या जाकिटाचा खिसा बाहेरून चाचपला. तिथे पुण्याहून आणलेली बाकरवडी होती, सीलबंद, चारशे ग्रॅम. ती त्यांनी बाहेर काढली, उलटसुलट पाहिली आणि कुठल्याही परवानगीविना फोडली. एक खाल्ली. डोळे मिटले. दुसरी खाल्ली. मग दांडी स्थिर झाल्याचं कोणीतरी त्यांच्या लक्षात आणून दिलं. चौऱ्याऐंशी पूर्णांक आठ.

"पेरफेत्तो," म्हातारबा म्हणाले. ते मला उद्देशून होतं की बाकरवडीला, हे शेवटपर्यंत कळलं नाही. पाकीट परत मिळालं नाही. आमच्याकडचे जकातनाके बंद झाले असतील, एक तिथे चालू आहे.

"अहो, जाऊ द्या ना," बायको घोडीवरून म्हणाली. घोडीवर बसलेल्या माणसाला असं म्हणायला काय जातं?

राग याचा येतो की काटा बरोबर आहे. घोड्याने आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के ओझं न्यावं असा घोडेवाल्यांचा ठोकताळा आहे आणि त्या ओझ्यात खोगीरही आलं. सहलीचा मध्यम घोडा ४८० किलोचा धरला तर ९६ किलो होतात. खोगीर आणि खालचा नमदा मिळून दहा वजा केले की उरतात ८६. म्हणून मर्यादा ८५. वर चार ते सहा तास, पंचवीसेक किलोमीटर, आणि चढउतार. जास्त ओझ्याने पाठ धरली तर घोडं महिनाभर उभं राहतं. तक्रार एवढीच की हे वजन कपडे, बूट, टोपी, पाण्याची बाटली धरून असतं हे फॉर्मवर लिहायला शाई कमी पडली होती का? तर तुम्ही जाणार असाल तर घरच्या काट्याच्या आकड्यात तीन किलो मिळवा आणि मग फॉर्म भरा.

शिवकाळात दोन तऱ्हांचे घोडेस्वार असत. स्वतःचं घोडं घेऊन येणारा तो शिलेदार, आणि सरकारी पागेतलं घोडं मिळणारा तो बारगीर. फारसीत 'बार' म्हणजे ओझं. मला माझा हुद्दा काट्यावरच कळला.

फॉर्मवरचा दुसरा सापळा म्हणजे अनुभवाचा रकाना. आपण मराठी माणसं तिथे बेधडक 'मध्यम' लिहितो, कारण आपण माथेरानला घोड्यावर बसलेलो असतो. माथेरानला घोड्यावर आपण बसतो, पण घोडं चालवतो मोतद्दार. इथे 'मध्यम'चा अर्थ असा की तुम्हाला तिन्ही चाली मोकळ्या रानात, लगाम स्वतःच्या हातात ठेवून जमतात. साधी चाल म्हणजे ताशी सहा किलोमीटर, तीत काही नाही. चौखूर धावणंही ऐकायला भयंकर पण बसायला पाळण्यासारखं. माणूस उघडा पडतो तो दुडक्या चालीत. ती दोन ठोक्यांची चाल आहे, समोरासमोरचे कोनातले पाय जोडीने पडतात आणि प्रत्येक ठोक्याला खोगीर तुम्हाला खालून लाथ मारतं. उपाय एकच, एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला बसायचं. उठायचं म्हणजे रिकिबीत, पाय अडकवायच्या त्या कड्यात, ताडकन उभं राहायचं नाही. घोडं उडवतं तेवढंच, ढुंगण बोटभर सुटेल इतकं. दर काही मिनिटांनी एक ठोका जास्त बसून जोडी बदलायची, नाहीतर घोड्याच्या पाठीची एकच बाजू दमते. हे घरून शिकून जावं. पुण्यामुंबईत रायडिंगचे क्लब आहेत, दहा-बारा तास पुरतात. इटलीत जाऊन शिकायचं म्हटलं तर शिक्षक मांड्या असतात, आणि त्या तिसऱ्या दिवशी संप करतात. पहिल्या दिवशी दुखत नाही, म्हणून माणूस फुशारतो. तिसऱ्या दिवशी मी जिना पाठमोरा उतरलो.

जीन्स घालू नका. मांडीच्या आतल्या बाजूची जाड शिवण दोन तासांत कातडी सोलते. बिनशिवणीची रायडिंगची तुमान घ्या, आतले कपडेही तसेच, आणि निघण्याआधी गुडघ्याच्या आत व्हॅसलीन. बुटाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर टाच हवीच. खेळाच्या सपाट बुटातला पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडलात तर घोडं तुम्हाला तसंच ओढत नेतं. टाच खाली, टाच खाली, 'ताल्लोनी इन बास्सो'. हे तीन शब्द मला आता झोपेतही ऐकू येतात.

माझ्या वाट्याला आली ती जत्रेतल्या बैलाच्या अंगाची तांबडी घोडी. नाव पात्सिएन्सा, म्हणजे धीर. तो तिच्याकडे होता, मी शिकायचा होता. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना ती छाती फुगवून घ्यायची. बऱ्याच घोड्यांना ही कला येते. आवळणारा समाधानाने हात झटकतो, घोडं श्वास सोडतं आणि तंग दोन बोटं सैल. म्हणून आवळल्यावर दहा पावलं चालवून परत बघायचा, चढण्याआधी एकदा आणि चढल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा एकदा. नाही बघितला तर खोगीर तुमच्यासकट पोटाखाली जातं. चढायचंही जमिनीवरून नाही, तिथे ठेवलेल्या लाकडी पायरीवरून. जमिनीवरून चढताना सगळं वजन डाव्या रिकिबीवर येतं आणि घोड्याचा कणा एका बाजूला ओढला जातो. मी पायरीकडे निघालो की म्हातारबा खुर्चीतून उठून ती पायरी हलवून बघायचे, टिकेल ना म्हणून. फक्त माझ्या वेळी.

द्राक्षमळ्यांतून जायचं म्हणजे ओळींमधून नव्हे, बांधावरून. ओळींत तारा असतात, त्यांत रिकीब अडकते. आपल्याकडे 'घोडं कुठे पेंड खातं' असं विचारतात. पात्सिएन्सा कुठे खाते ते मी नेमकं सांगू शकतो, ग्रेव्हे आणि पान्झानोच्या दरम्यानच्या प्रत्येक बांधावर. मान खाली जाऊ द्यायची नसते. एकदा गेली की पाचशे किलोशी रस्सीखेच, आणि त्यात तुम्ही मानेवरून पुढे. तिची मान हलायच्या आधीच लगाम वर आणि पोटऱ्या आत, पुढे चल. पानांवर निळसर डाग दिसतात ते मोरचूद आणि चुन्याच्या फवाऱ्याचे. नाशिकच्या बागायतदाराला बोर्डो मिश्रण सांगायला नको. ते घोड्याच्या पोटात जाऊन चालणारं नाही, आणि बांधावर उभा असलेला मळेवाला तर त्याहून चालणारा नाही. सप्टेंबरच्या शेवटी सांजोवेझेचे घड तोडणीला आलेले असतात. वर्षाची कमाई घोडं ओरबाडत असताना तो काय बोलला ते मालकीणबाईंनी भाषांतरित केलं नाही.

या सगळ्या वाईनच्या गळ्यात काळा कोंबडा असतो, कियांती क्लासिको या इथल्या वाईनची खूण. त्याची दंतकथा घोडेस्वारांचीच आहे. फ्लॉरेन्स आणि सिएनाची हद्द ठरेना, तेव्हा असं ठरलं की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक स्वार निघेल आणि भेटतील तिथे सीमा. सिएनाने पांढरा कोंबडा चांगला खाऊपिऊ घालून पोसला. फ्लॉरेन्सने काळा कोंबडा उपाशी कोंडला. भुकेने कासावीस होऊन तो उजाडायच्या कितीतरी आधी ओरडला आणि फ्लॉरेन्सचा स्वार सिएनाच्या जवळ, फोन्तेरुतोलीपर्यंत पोचला. जवळपास सगळा कियांती फ्लॉरेन्सचा झाला. जेवलेला कोंबडा हरला, हे मला त्या वजनाच्या दिवशी संध्याकाळी, पिची पास्ताची दुसरी ताटली समोर असताना सांगण्यात आलं.

खरं तर या मुलखात स्वाराला फारशी किंमत नाहीच. सिएनाच्या चौकात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची शर्यत होते, बिनखोगिराची, तीन फेऱ्यांची. स्वार पडला आणि घोडं एकटंच पहिलं आलं तरी ते जिंकतं. आणि याच तोस्काना प्रांतातल्या लिवोर्नोला १८६८ साली जन्मलेल्या फेदेरिको काप्रिल्ली नावाच्या घोडदळाच्या अधिकाऱ्याने जगाला शिकवलं की उडी मारताना मागे रेलू नका, पुढे झुका, घोड्याच्या पाठीवरून उठा, त्याला त्याचं काम करू द्या. त्याआधी सगळं जग मागे रेलून लगाम ओढत होतं. आज सगळे तसंच पुढे झुकून उडी घेतात. काप्रिल्ली १९०७ मध्ये घोड्यावरून पडूनच गेला. थोडक्यात, घोड्यावर जाणाऱ्याने कमीत कमी तिथे असावं, असंच त्या मातीतलं शास्त्र आहे. मग पैसे कशाला घेतात?

पैशांवरून आठवलं. 'वाईन समाविष्ट' याचा खुलासा करायला हवा. चव घेण्याचा कार्यक्रम दुपारी असेल तर चार वाईनी, प्रत्येकी दोन-तीन घोट, आणि मध्ये थुंकायचं भांडं. कारण पुढे दोन तास घोडं आहे आणि वाईन १४ टक्क्यांच्या आसपास. वर ऊन, डोक्यावर शिरस्त्राण, पांढऱ्या खडीच्या रस्त्याची धूळ घशात. सोबत तिथला पाव, ज्यात मीठ नसतं. चुकून नव्हे, मुद्दाम नसतं. एवढी किंमत मोजून मी कियांती क्लासिको थुंकली आणि अळणी पाव गिळला. आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "घरी का नाही केलंस हे?"

बाटल्या विकत घेतल्यात तर त्या खोगिराच्या पिशवीत टाकू नका. भरलेली बाटली सव्वा किलोच्या घरात जाते. एका बाजूला एकच ठेवली तर खोगीर दिवसभर त्या बाजूला सरकत राहतं आणि घोड्याची पाठ घासते. दोन्ही बाजूंना समान ठेवायचं, म्हणजे एकीला दुसरी घ्यायची, हे विक्रेत्यांना पाठ आहे. सामानाची गाडी मागून येते, तिच्यात द्या. मी तीन दिल्या, त्यांत एक रिझर्वा, म्हणजे जास्त मुरवलेली, भारीतली.

निघायच्या सकाळी बॅग भरली आणि विमानाची २३ किलोची मर्यादा आठवली. आजूबाजूला काटा एकच होता. मी बॅग घेऊन गेलो. म्हातारबा जणू सहा दिवस याचीच वाट बघत होते. दांडी हलली, चष्मा कपाळावर गेला. "वेन्तिक्वात्रो ए दुए." चोवीस पूर्णांक दोन. भाषांतर कोणी केलं नाही, लागलंही नाही. त्यांनी चेन उघडली, मोज्यांत गुंडाळलेल्या तिन्ही बाटल्या बाहेर काढून ओळीने मांडल्या. मीही मनात हिशोब केला. तीन बाटल्या म्हणजे सव्वादोन लिटर, आणि मुंबईच्या कस्टमची सूट दोन लिटरची. एक जाणारच होती. मी साधी पुढे केली.

त्यांनी ती हातात घेतली, लेबल वाचलं, प्रेमाने परत मोज्यात गुंडाळून बॅगेत ठेवली आणि रिझर्वा उचलली.