जोडण्याइतकंच सोडणंही महत्त्वाचं

चालू प्रोसेसला (सुरू असलेल्या प्रोग्रामला) ट्रेसिंग टूल, म्हणजे तो आत काय करतोय हे दाखवणारं साधन, जोडणं निर्धोक, असं एका लेखात सरसकट म्हटलंय. हे पटत नाही. जळगावला आमच्या जिनिंगच्या वजनकाट्याचा प्रोग्राम ऐन कापसाच्या हंगामात रेंगाळू लागला, म्हणून मी जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत तपासायचं साधन) जोडला. जोडताक्षणी प्रोग्रामचे सगळे थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) थांबतात. मी स्टॅक (कोणतं फंक्शन कुणी बोलावलं याची यादी) वाचत बसलो, काट्यावरचा आकडा गोठलेला, आणि बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग पार रस्त्यापर्यंत! ‘डिटॅच’ ही सोडण्याची आज्ञा दिल्यावरच आकडा हलला. एसट्रेस हा दुसरा ट्रेसर असं गोठवत नाही, पण प्रत्येक सिस्टिम कॉलला (प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमकडे केलेल्या मागणीला) आत जाताना नि बाहेर येताना अडवतो, त्यामुळे वेग पडतोच. कंट्रोल-सी दाबलं की तो सुटतो, प्रोसेस चालू राहते. शिवाय दोन्ही एकदम लावू नका, एका थ्रेडला एकच ट्रेसर जोडता येतो.