मुलाला दुभाषी म्हणून बसवू नका

परदेशात व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला ते स्वतःच्या भाषेत मिळावेत, या माझ्या म्हणण्यावर तुमच्या प्रतिक्रियेतले मुद्दे असे: औषधाला भाषा लागत नाही, घरात कुणाला तिथली भाषा येत असेल तर तोच डॉक्टरांशी बोलेल, आणि स्वतःच्या भाषेतलं व्यसनमुक्ती केंद्र शोधण्यात वेळ घालवला तर जीवावर बेतू शकतं.

शेवटचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. रोज भरपूर दारू किंवा बेंझोडायझेपिनसारख्या झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याने त्या एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, मृत्यूही ओढवू शकतो. तिथे थांबायचं नाही. जे रुग्णालय जवळ असेल ते गाठायचं.

पण डिटॉक्स, म्हणजे शरीरातून नशा उतरवण्याचा पहिला टप्पा, साधारण काही दिवसांत संपतं. त्यापुढचे महिने बोलण्याचे असतात, आणि तिथे तुमच्याशी माझं पटत नाही. सुई कुणाबरोबर वाटून घेतली, पैसे कुठून आणले, जीव द्यावासा वाटतो का, हे प्रश्न चौदा वर्षांच्या मुलाने बापाला विचारायचे? बाप खरं सांगणार नाही. सांगितलंच, तर मुलगा ते सौम्य करून डॉक्टरांपर्यंत पोचवेल. आणि ते ओझं त्या पोराने किती वर्षं वाहायचं? अमेरिकेत अफोर्डेबल केअर ॲक्ट या आरोग्यसेवेच्या कायद्याच्या कलम १५५७ नुसार सरकारी निधी घेणाऱ्या आरोग्यसेवांनी दुभाषी मोफत द्यायचा असतो. अगदी आणीबाणी सोडली तर अल्पवयीन मुलाकडून ते काम करून घेता येत नाही.

आणखी एक गोष्ट रुग्णाला त्याच्याच भाषेत कळायला हवी. हेरॉईनसारखी अफूजन्य द्रव्यं काही काळ बंद राहिली की शरीराची सहनशक्ती घटते. केंद्रातून बाहेर पडल्यावर पूर्वीइतकाच डोस घेतला तर तो जीवघेणा ठरू शकतो. न समजलेल्या कागदावर सही घेऊन हे पोचत नाही.

मुलाने मदत जरूर करावी, पण ती फोनवर. अमेरिकेतली सॅम्सा या व्यसन आणि मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी संस्थेची मोफत हेल्पलाईन (१-८००-६६२-४३५७) चोवीस तास चालते, पण इंग्रजी आणि स्पॅनिशमध्येच. तिथे पहिला फोन घरच्याने करायला हरकत नाही. ऑस्ट्रेलियात १३१ ४५० वर सरकारी दुभाषी सेवा आहे, दीडशेहून अधिक भाषांची. केंद्राला मात्र नेमकं विचारा: दुभाषी दर सत्राला मिळेल, की फक्त दाखल होताना? समुपदेशकाशी रुग्ण एकटा बोलू शकेल का? औषधाच्या सूचना लेखी, त्याच्या भाषेत देता का?

गटचर्चेत दुभाष्याचा फारसा उपयोग होत नाही असं माझं मत आहे. चार जण एकमेकांचं बोलणं तोडत असतात, आणि भाषांतर होईपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. त्यापेक्षा दुभाष्यासह वैयक्तिक सत्रं घ्यावीत, आणि गटाची सोबत नार्कोटिक्स ॲनॉनिमस या व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या आपल्या भाषेतल्या ऑनलाईन बैठकीत शोधावी. अनेक भाषांत त्या भरतात, फीही नसते.

तुम्ही ज्या नातेवाईकाबद्दल लिहिलंत त्याचे उपचार सुरू झाले असतील तर केंद्र बदलायची गरज नाही. पुढच्या सत्राला दुभाषी हवा, हे आजच फोन करून सांगा.