शेवटचा हात कोणाचा?

‘किरकोळ काम आहे’ असं मी म्हटलं की घरातली माणसं मुकाट्याने आपापले बेत बदलतात. जुन्या स्पोर्ट्‌स कारच्या मालकाच्या तोंडी ‘किरकोळ’ म्हणजे एवढंच, की बदलायचा भाग मुठीत मावतो. तिथवर हात पोचायला आधी काय काय काढावं लागेल, हे त्या शब्दात येत नाही.

गाडी एमजीबी, एमजी या ब्रिटिश कंपनीची. दोन जणांची, उघड्या टपाची, १७९८ सीसीच्या इंजिनावर एसयू बनावटीचे दोन कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण करणारे भाग. १९६२ ते १९८० या काळात, बंद टपाच्या धरून, पाच लाखांवर एमजीबी बनल्या, त्यामुळे हिचं कुठलंही दुखणं आधी कोणाला तरी होऊन गेलेलं असतं. अगदी नवीन दुखणं हिला फक्त मीच देऊ शकतो, आणि त्यात मी कमी पडत नाही. म्हणून गाडी अडली की ‘काय बिघडलं?’ असं मी विचारत नाही. ‘शेवटचा हात कुठे लावला होता?’ असं विचारतो. उत्तर लाजिरवाणं असतं, पण लवकर मिळतं.

काल प्लग साफ केले आणि आज गाडी मिसिंग करतेय, तर कार्ब्युरेटर उघडायला धावू नये. प्लगच्या वायरी बघाव्यात. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-३-४-२, आणि प्लगना पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधला रोटर फिरतो घड्याळाच्या काट्यांच्या उलट. आपला हात मात्र सवयीने सुलट जातो. तशा वायरी लावल्या तर १ आणि ४ नंबरचे सिलिंडर बरोबर पेटतात, २ आणि ३ची अदलाबदल होते. इंजिन अजिबात सुरूच झालं नसतं तर चूक लगेच कळली असती. पण ते दोन सिलिंडरवर, कार्ब्युरेटरमधून शिंकत, कसंबसं चालतं, आणि मग माणूस मिश्रण, पेट्रोल, हवा असं सगळं जग तपासून येतो.

वायरी बरोबर निघाल्या तर पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा भाग. हा भाग नखाएवढा आणि त्याचा मान नवरदेवाचा. दोन टोकांमधली फट ०.३५ ते ०.४० मिमी हवी, तीही पॉइंटची टाच कॅमच्या, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्याच्या, उंचवट्यावर असताना. इंजिन तिथवर आणायला चारही प्लग काढायचे, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि हलकेच पुढे ढकलायची. उंचवटा येतो, आणि आपण डिस्ट्रिब्युटरकडे पोचेपर्यंत गाडी दोन बोटं सरकून तो निघून जातो. म्हणून ढकलायला एक आणि बघायला एक अशी दोन माणसं लागतात. त्या दोघांचं ‘थांब’ या शब्दाच्या अर्थावर एकमत हवं.

फट मोजायची ०.३५ मिमी जाडीची पट्टी अडकल्याशिवाय जावी, ०.४५ची जाऊ नये. जमलं की स्क्रू आवळायचा, आणि आवळताना फट बदलते. नेहमीच बदलते. आवळल्यावर पुन्हा न मोजणाऱ्याने फट मोजली असं मी मानत नाही. पट्टीला तेल लागलेलं असलं तर ते पॉइंटवर बसतं आणि ठिणगी रुसते. नव्या पॉइंटवरही गंज धरू नये म्हणून पातळ थर दिलेला असू शकतो. पेट्रोलात भिजवलेल्या फडक्याने तो पुसून घ्यावा.

पण खरी खोड त्या बारक्या नटाखाली आहे. पॉइंटची स्प्रिंग, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) वायर आणि कंडेन्सरची वायर ही तीन एकमेकांना टेकलेली हवीत, पण खालच्या प्लेटपासून अलग हवीत. मध्ये प्लॅस्टिकची टोपीसारखी चकती असते ती त्यासाठीच. एखादी वायर चकतीच्या चुकीच्या बाजूला गेली की विजेला थेट गाडीच्या पत्र्यात जायला मोकळा रस्ता मिळतो. नवे पॉइंट, नवा कंडेन्सर, आणि ठिणगी शून्य. कॉइल गेली असं समजून कॉइल विकत घेण्याची प्रथा इथूनच सुरू झाली असावी.

शेवटी कॅमला मोहरीएवढं ग्रीस. हे विसरलं तर टाच झिजते, फट मिटत जाते, ठिणगी उशिरा पडू लागते आणि इंजिन तापतं. इंजिन तापलं म्हणून रेडिएटर उघडला जातो. रोग रेड्याला, औषध पखालीला म्हणतात ते हेच, आणि इथे पखालीत खरोखर पाणी असतं.

आता पेट्रोलचा पंप. विजेवर चालणारा हा पंप गाडीखाली, उजव्या मागच्या चाकाच्या बाजूला असतो, आणि सगळ्या गाडीत खरं बोलणारा तो एकटाच. किल्ली फिरवली की भराभर टकटक करतो, मग मंदावतो, मग गप्प होतो. गप्प झाला म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाट्या भरल्या. टकटक थांबतच नसेल तर एक तर टाकी रिकामी आहे, नाही तर वाटीतली पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नसल्याने पेट्रोल बाहेर वाहतंय. हे दुसरं कारण गमतीचं नाही, कारण या इंजिनात एक्झॉस्टचा तापलेला मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करणारा नळ, कार्ब्युरेटरच्या खालीच असतो. किल्ली लगेच बंद करायची, इंजिन निवू द्यायचं, आणि मग स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीच्या झाकणावर दोन टिचक्या. कचरा सुटला की बहुतेक वेळा सुई जागेवर बसते. नाही बसली तर झाकण उघडून सुई साफ करायची किंवा बदलायची.

पंप मुळीच बोलत नसेल तर आधी त्याच्या पांढऱ्या वायरीला १२ व्होल्ट पोचतात का ते बघायचं, मग अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून वीज परत नेणाऱ्या जोडणीची, काळी वायर. दोन्ही ठीक असतील तर त्याचे आतले पॉइंट जळालेत. अशा वेळी पंपाला रबरी हातोडीची टपली मारतात आणि तो सुरू होतो. टपली हा उपचार नव्हे, घरी पोचेपर्यंतची मुदत आहे, हे टपली मारणारा प्रत्येक जण जाणून असतो. तरीही हातोडी मागच्या डिकीत कायमची राहायला जाते.

एसयू कार्ब्युरेटरविषयी लोक उगाच भीती घालतात. त्याच्या डोक्यावरच्या नळीत २० ग्रेडचं तेल लागतं. दांडा परत घालताना टोपी बसायच्या साधारण ६ मिमी आधी तेलाचा अटकाव हाताला जाणवला की तेल पुरेसं आहे. तेल संपलं की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी क्षणभर ‘आं?’ करते आणि मग निघते. आतला पिस्टन बोटाने उचलून सोडला तर खाली ‘टक्’ वाजला पाहिजे. न वाजता सावकाश उतरला तर आत मळ आहे, किंवा जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक नळी, मधोमध नाही.

मिश्रणासाठी खाली षटकोनी नट आहे. इंजिन तापलेलं असताना पिस्टन जेमतेम ०.८ मिमी उचलायचा. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. वेग पडला, तर कमी. किंचित वाढून पुन्हा जागेवर आला, तर हात काढून घ्यायचा. नट एका वेळी एकच पैलू फिरवावा, म्हणजे फेऱ्याचा सहावा भाग. खाली नेला की पेट्रोल वाढतं. किती पैलू फिरवले ते प्रत्येक वेळी खडूने बॉनेटच्या आत लिहून ठेवायचं. स्मरणशक्ती तल्लख आहे म्हणून न लिहिणारे तिसऱ्या पैलूनंतर ‘मघाशी बरं होतं’ एवढंच सांगू शकतात.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा ओढतात का हे बघायला रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं त्यांच्या तोंडाशी आळीपाळीने धरायचं. फुसफुस सारखी झाली की जमलं. पंखा फिरत असतो, तेव्हा गळ्यात काही लोंबकळणारं नको. ही पद्धत मला यंत्रापेक्षा आवडते, कारण एवढ्या वेळात निदान घरातलं कोणी हाक मारली तरी ऐकू येत नाही.

विजेच्या बाबतीत मात्र ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा कायदा लागू होतो. ब्रेक दाबला की इंडिकेटर अडखळतो, इंडिकेटर लावला की शेजारचा दिवा मिणमिणतो. बल्बांचा यात काही दोष नसतो. मागच्या दिव्याचा अर्थ गंजलेला असतो आणि वीज परतीची वाट शोधत शेजाऱ्यांच्या घरातून जाते. दिवा लावून ठेवायचा आणि मल्टिमीटरचं एक टोक दिव्याच्या पत्र्याच्या अंगाला, दुसरं बॅटरीच्या अर्थच्या खांबाला लावायचं. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर ठीक, ०.५च्या पुढे गेला तर चोर सापडला. अर्थच्या वायरीच्या टोकाची रिंग काढून खालचा पत्रा लख्ख होईपर्यंत पॉलिश पेपर, दातेरी वॉशर, आणि वरून पेट्रोलियम जेली. बस्स.

वायरींचे रंग पाठ करायला अर्धा तास लागतो. तपकिरी थेट बॅटरीची, तिला झोप नाही. पांढरी किल्लीनंतरची. हिरवी किल्लीनंतर आणि फ्यूजमधून. जांभळी फ्यूजमधून, पण कायम जागी. काळी अर्थ. हे रंग पाठ केलेल्या माणसाला आधीच्या मालकाने जोडलेली एकच लाल वायर टाकीपासून रेडिओपर्यंत गेलेली दिसली की जे वाटतं त्याला विनोदी लेखात जागा नाही. आणि रेडिओ बसवण्यापूर्वी गाडीचं साल बघा. १९६७पर्यंतच्या या गाड्यांत बॅटरीचं धन टोक अर्थला असतं. आजचा रेडिओ तिथे नेहमीसारखा जोडला तर त्याचं पहिलं गाणं धुराचं असतं.

तेलगळतीत तर माझा हात उघडच दिसतो. टॅपेट कव्हरखाली, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाखाली, फट बुजवायला बुचाचं गास्केट असतं, आणि वर दोन नट. गळायला लागलं की आपण नट आवळतो, आवळला की गास्केट चिंबून बाहेर येतं, मग जास्त गळतं, मग जास्त आवळतो. त्या नटांना साधारण ५ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे बोटांचा जोर, खांद्याचा नाही. गळती शोधताना सगळ्यात खालचा थेंब बघू नये. वाऱ्याने तेल मागे आणि खाली पसरतं, म्हणून सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. इंजिन धुऊन कोरडं करायचं, टाल्कम पावडर भुरभुरायची, दहा मिनिटं गाडी चालवायची. पावडरीत पहिली काळी रेघ जिथे उमटते तिथे गुन्हेगार.

याच परिसरात नट पडतात. पडलेला नट काढायला मी लांब दांडीचं चुंबक घेतलं, ते उत्तम आहे. फक्त मॅनिफोल्डचे नट पितळेचे असतात. उष्णतेने स्टडला धरून बसू नयेत म्हणून पितळ, आणि पितळाला चुंबकाचं सोयरसुतक नाही. उपाय आधीच करायचा: खाली जाड फडकं पसरायचं आणि पान्यात घट्ट ग्रीसचा ठिपका घालून नट त्यात चिकटवायचा. फडकं नंतर काढायचं, हेही लिहून ठेवावं.

ब्रेकमध्ये किरकोळ काही नसतं. एकच सांगतो: पाय काढल्यावरही एखादं चाक पकडून राहत असेल आणि कॅलिपर (ब्रेकच्या तबकडीला धरणारा चिमटा) ठीक असेल, तर त्याची रबरी नळी बघा. ती बाहेरून नवी दिसते, पण आतून सुजते. पायाच्या जोराने तेल आत जातं, परत यायला मात्र जोर नसतो. नळी बदलायची आणि हवा काढायची. सांडलेलं ब्रेक ऑइल लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, नाही तर रंग साय निघावी तसा निघतो.

तारांच्या चाकांचा मधला कानवाला नट तांब्याच्या हातोडीने मारून काढतात. डावी-उजवी बाजू वेगळ्या आट्यांची. नटाच्या वरच्या कानाकडे बघायचं: तो गाडीच्या मागच्या दिशेने मारला की आवळतो, पुढच्या दिशेने मारला की सुटतो. आतल्या दातांना ग्रीस नसेल तर दात झिजतात आणि निघताना-थांबताना ‘टक्’ असा आवाज येतो. आरे पेन्सिलीने छेडावेत. जो खणखणत नाही तो सैल.

उरला टप. तो व्हिनाइलचा. ऊन असताना मऊ आणि ऐसपैस, गारठ्यात बोटभर आखूड. म्हणजे पाऊस नसताना तो सुरेख बसतो. मागची प्लॅस्टिकची खिडकी घडी घालून नव्हे, टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवायची, नाही तर घडीवर तडकते. लावताना आधी मागची पट्टी, मग काचेवरची, बाजूची बटणं शेवटी. भर पावसात बाकी सगळी लागतात. ड्रायव्हरच्या कानामागचं एक तेवढं लागत नाही, आणि पाण्याची धार तिथूनच कॉलरमध्ये उतरते. त्याच्या खालची खुंटी गंजली होती म्हणून नवी बसवलेली आहे. जुन्या भोकापासून ४ मिमी पुढे. मीच बसवली आहे.