मुलं स्वतःच्या जबाबदारीवर पाठवावीत

पालकहो, अभिनंदन. कोरोनामुळे बंद झालेली शाळा जानेवारी 2022 मध्ये परत उघडली. कितव्यांदा, ते मोजत बसू नका, आपलं काम फक्त संमतीपत्र भरायचं. ते कसं भरावं, मूल गेटापर्यंत कसं न्यावं आणि तिथे कुणाशी किती बोलावं, याबद्दल ठाण्यातल्या नवपालकांसाठी चार सूचना देते. अनुभव अगदी ताजा आहे. गेल्या रविवारी रात्री पावणेअकराला 'डिअर पेरेंट्स' म्हणत शाळेचं परिपत्रक आलं. सोमवारी सकाळी सव्वासातला नववीची मुलं वर्गात हवीत. सोबतच्या संमतीपत्राची प्रिंट काढावी, आईवडील दोघांनी निळ्या पेनाने सह्या कराव्यात, स्कॅन करून अपलोड करावं, आणि मूळ प्रत पाल्याच्या हाती द्यावी. प्रत नसेल तर प्रवेश नाही.

तेव्हा पहिली सूचना, घरात प्रिंटर ठेवा. शाई भरलेला.

ज्यांच्याकडे प्रिंटर नाही त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर 'कुणाकडे प्रिंटर आहे का प्लीज' असं लिहावं. मी लिहिलं. बी विंगमधल्या काकांनी रात्री साडेअकराला लुंगीवर दार उघडून चार पानं काढून दिली, वर 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हेही ऐकवलं. काकांचे उपकार मानावेत. महिन्याभराने शाळा बंद होऊन परत उघडली की नवीन संमतीपत्र लागतं, जुनं चालत नाही.

आता ते संमतीपत्र एकदा वाचा. खरं तर वाचू नका, रक्तदाब वाढतो. 'मी माझ्या पाल्यास स्वेच्छेने व स्वतःच्या जबाबदारीवर शाळेत पाठवत असून, पाल्यास कोणत्याही प्रकारचा संसर्ग झाल्यास शाळा व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही.' लग्नाच्या हॉलबाहेर 'चपला स्वतःच्या जबाबदारीवर काढाव्यात' अशी पाटी असते, तशी. फरक इतकाच, की हॉलवाले चपलांची वार्षिक फी घेत नाहीत.

ही जबाबदारी आपल्यापर्यंत कशी पोचली, ते समजून घ्या, म्हणजे अभिमान वाटेल. मंत्रालयाने सांगितलं, 24 जानेवारीपासून शाळा उघडायला हरकत नाही, पण निर्णय स्थानिक प्रशासनाचा. स्थानिक प्रशासनाने सांगितलं, उघडा, पण नियम पाळायची जबाबदारी शाळेची. शाळेने सांगितलं, या, पण पालकांच्या जबाबदारीवर. म्हणजे राज्याचं मंत्रिमंडळ, कोरोनासाठी नेमलेला तज्ज्ञांचा टास्क फोर्स, शिक्षण विभाग आणि महापालिका एवढ्या सगळ्यांच्या हातांतून घरंगळत आलेली वस्तू रविवारी रात्री आपल्या ओट्यावर येऊन पडते, आणि आपण सिंकजवळ उभं राहून तिच्यावर सही करतो. मी मुलीला गंमतीत म्हटलं, तू पण एक सही कर. तर ती म्हणाली, 'माझी आहे की खाली, अंडरटेकिंग.' खरंच होती. मास्क काढणार नाही, डबा वाटून खाणार नाही, मैत्रिणीच्या जवळ बसणार नाही. पंधरा वर्षांची मुलगी लिहून देते, आणि ज्यांना पगार आहे त्यांच्यापैकी एकानेही काही लिहून दिलेलं नाही.

पुढची सूचना धीराबद्दल. 'सगळं उघडलं तरी शाळा का नाही' असं विचारू नये. या राज्यात शाळा मार्च 2020 मध्ये बंद झाल्या. 5 ऑक्टोबर 2020 ला हॉटेलं आणि बार उघडले, कारण तिथे बसणारी माणसं अंतर पाळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. 23 नोव्हेंबरला राज्याने नववी ते बारावीला परवानगी दिली, तर मुंबई-ठाण्याने ती पुढे ढकलली. मग दुसरी लाट. मग 17 ऑगस्ट 2021 ची घोषणा झाली, वह्यांना कव्हरं घालून झाली, आणि टास्क फोर्सने नको म्हटल्यावर घोषणा मागे घेतली. आमच्याकडे ती कव्हरं अजून तशीच आहेत, खाकी, कोरी. शेवटी 4 ऑक्टोबरला शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग उघडले. 3 जानेवारी 2022 ला 15 ते 18 वयाच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं, आणि त्याच आठवड्यात नववीची शाळा बंद झाली. मॉल 50 टक्के क्षमतेने चालू होते. त्यामुळे दंडाला कोवॅक्सिन टोचून घेतलेली मुलगी घरात मोबाइलसमोर, आणि शेजारचे काका मॉलमध्ये. याला धोरण म्हणतात. धोरणाला नावं ठेवू नयेत.

गणवेशाबाबत : मूल दोन वर्षांत वाढलं असेल तर त्यात शाळेचा दोष नाही, गणवेश नेमून दिलेल्या दुकानातच मिळेल आणि त्या मापाचा माल पुढच्या आठवड्यात येईल.

बुटांबाबत : वरच्याप्रमाणे.

आता बस. हा विषय मी थोडक्यात आटोपणार होते.

शाळेची बस तूर्त बंद आहे, कारण चालक गावी गेले, काही गाड्यांची पासिंगची कामं राहिली, आणि एका सीटवर एकच मूल बसवलं तर परवडत नाही. हे सगळं मला मान्य आहे. दोन वर्षं बस उभ्या करून त्यांचे हप्ते भरणाऱ्या माणसाबद्दल मला सहानुभूतीच आहे, व्हॅनवाल्या काकांनी तर मधल्या काळात भाजी विकली. पण बस बंद असताना टर्मच्या बिलात 'ट्रान्सपोर्ट' नावाची ओळ कशी, एवढं समजावून सांगा. फोन केला. अकाउंट्समधल्या बाई म्हणाल्या, 'मॅम, ते मेंटेनन्स आहे.' कुणाचा मेंटेनन्स? 'मॅम, सिस्टिममध्ये आहे.' मग मी सिस्टिमला स्मरण करून दिलं, की 12 ऑगस्ट 2021 च्या शासन निर्णयाप्रमाणे 2021-22 या वर्षाच्या फीमध्ये 15 टक्के कपात करायची आहे. त्यावर बाई म्हणाल्या, 'मॅम, तो मॅटर मॅनेजमेंटकडे आहे.' फोन ठेवताना 'हॅव अ नाइस डे'सुद्धा म्हणाल्या.

मग आपण आपली गाडी काढायची. कासारवडवलीहून सकाळी पावणेसातला निघालात तर उत्तम. घोडबंदर रोडवर मेट्रो 4 च्या खांबांनी अडवलेला भाग सोडला, अवजड वाहनं सोडली, खड्डे सोडले, तर उरलेला रस्ता आपलाच आहे. गेटापाशी प्रत्येक मुलामागे एक गाडी उभी असते. पूर्वी एका बसमध्ये चाळीस मुलं येत होती, ती आता चाळीस गाड्यांतून येतात, आणि आत वर्गात अंतर ठेवायचं म्हणून बाहेर फुटपाथवर आईवडील खांद्याला खांदा लावून उभे. शिटी वाजवणारा सुरक्षारक्षक एकच. तो बिचारा सांगतो, 'गाडी पुढे घ्या, गाडी पुढे घ्या.' पुढे म्हणजे कुठे, हे त्यालाही माहीत नसतं.

गेटावर थर्मल गन असते. माझ्या मुलीचं तापमान 31.4 आलं. मी डॉक्टर नाही, पण इतक्या तापमानाचा माणूस चालत शाळेत येत नाही, एवढं मला कळतं. मावशींनी आकडा वहीत लिहिला आणि म्हणाल्या, 'जा बाळा.' तिच्या पुढच्या मुलाचं 30.9, तोही आत गेला. आणि ज्या संमतीपत्रासाठी मी रात्री काकांचं दार वाजवलं, ते मुलीने हातात धरलं होतं. 'त्या खोक्यात टाक,' असं मावशींनी सांगितलं. बिस्किटांचं खोकं. कुणी नाव पाहिलं नाही, सही पाहिली नाही, पेन निळं की काळं ते तर नाहीच.

तेव्हा सूचना : खोक्यात किराण्याची यादी टाकलीत तरी चालेल.

वर्गाबद्दल तक्रार करू नये. हे वर्ग वातानुकूलित आहेत. प्रवेशाच्या वेळी ते आपल्याला फिरवून दाखवले होते, आणि आपणही इतर पालकांना फुशारकीने सांगितलं होतं. खिडक्यांच्या काचा कायमच्या बंद आहेत, त्या उघडतच नाहीत. हा रोग हवेतून पसरतो, हे आता नाक्यावरच्या पानवाल्यालाही ठाऊक आहे. म्हणून शाळेने काय केलं? बाकं सॅनिटायझरने पुसली, जमिनीवर पिवळे गोल काढले, आणि एसी चालू ठेवला. दोन वर्षं होती. दोन वर्षांत चार खिडक्यांना बिजागऱ्या बसत नाहीत? मॅनेजमेंटने त्या काळात दर्शनी भागावर नवीन काच बसवली, नवं बोधचिन्ह लावलं, गेटाला रंग दिला. पैसा नव्हता असं नाही.

सम हजेरी क्रमांक सोमवार-बुधवार-शुक्रवार, विषम मंगळवार-गुरुवार-शनिवार. घरी बसलेल्यांसाठी तोच तास लॅपटॉपवरून. म्हणजे टीचर फळ्याकडे पाहतात तेव्हा घरच्यांना त्यांची पाठ दिसते, आणि लॅपटॉपकडे पाहतात तेव्हा वर्गातल्यांना. पण टीचरना काही बोलू नका. याच लोकांना कधी घरोघरी सर्वेक्षणाला पाठवलं, कधी नाक्यावर उभं केलं, आणि रात्री नेट गेलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला स्क्रीनवर हजर. त्यांच्याकडूनही लसीचं प्रमाणपत्र घेतलं असेल. त्यांना कुणी संमतीपत्र दिलं होतं का, कल्पना नाही.

अभ्यासाची काळजी तर मुळीच करू नका. माझ्या मुलीची सातवीची वार्षिक परीक्षा रद्द झाली, आठवीचीही झाली. मधे गूगल फॉर्मवर चार पर्यायांपैकी एकावर टिचकी मारायची, झाली परीक्षा. पुढच्या वर्षी तिला बोर्डाचे पेपर हाताने लिहायचे आहेत. परवा तिने दीड पान निबंध लिहिला आणि मनगट चोळत बसली. पण गेल्या वर्षी दहावीचा निकाल परीक्षेविना 99.95 टक्के लागला होता. त्या दिवशी फक्त संकेतस्थळ नापास झालं. तर मग चिंता कसली?

पालकांच्या ग्रुपवर मात्र जपून राहा. तिथे दोन पक्ष असतात. एक म्हणतो शाळा सुरू करा, दुसरा म्हणतो 'सेफ्टी फर्स्ट, ऑनलाइनच कंटिन्यू करा.' दुसऱ्या पक्षातल्या एका गृहस्थांनी सेफ्टीबद्दल लांबलचक मेसेज टाकला. डीपीत सहकुटुंब गोव्याचा फोटो, डिसेंबरमधला, मास्क कुणालाच नाही. मी काही बोलले नाही. अंगठा दिला.

नाही, आता बोलतेच.

ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, आजारी माणूस आहे, ज्यांनी दुसऱ्या लाटेत घरातलं कुणी गमावलं, त्यांनी मूल पाठवायला घाबरावं, त्यांना माझं काही म्हणणं नाही. पण बाकीच्यांनी सेफ्टीचं नाव पुढे करू नका. आपली मुलं लग्नाला गेली, गणपतीला गेली, मॉलमध्ये गेली, क्लासला तर गुपचूप शटर अर्धं पाडून गेली. शाळाच तेवढी नको होती, कारण सकाळी उठायला नको, डबा नको, घोडबंदरची रांग नको. आणि शाळांना तरी घाई कुठे होती? वीज वाचली, पाणी वाचलं, फी येतच होती. सरकारलाही नव्हती, कारण बारमालक निवेदनं घेऊन जातात, चौथीतली मुलं जात नाहीत. सगळ्यांचं बरं चाललं होतं, म्हणून दोन वर्षं शाळा यादीत शेवटी राहिली.

तुमच्या माझ्या घरात वेगळी खोली आहे, वायफाय आहे, लॅपटॉप आहे. माझ्याकडे काम करणाऱ्या ताईंचा मुलगा आमच्या मुलीच्याच वयाचा. घरात फोन एक, तो ताईंबरोबर कामावर. शाळेतून तांदूळ आणि डाळ मिळाली, तास मिळाले नाहीत. पहिल्या वर्षी तो शेजारच्या मुलाच्या फोनमध्ये डोकावायचा, दुसऱ्या वर्षी तेही सोडलं. आता सकाळी आमच्याच सोसायटीत गाड्या पुसतो. शाळेत त्याचं नाव अजून पटावर आहे म्हणे, तो पुढच्या वर्गात गेलाही आहे म्हणे. त्याच्या आईकडे संमतीपत्र आलं नाही. तिची सही कुणाला नको होती.

आयुक्तांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांना सांगते, सूचना पुरे झाल्या. बसच्या नावाने घेतलेले पैसे परत करा. 15 टक्के कपात बिलात दाखवा. खिडक्या उघडा, उघडत नसतील तर फोडा. थर्मल गनमध्ये सेल घाला. आणि त्या मुलाचं नाव पटावर आहे ना, मग हजेरी घेताना तो का नाही म्हणून कुणीतरी त्याच्या घरी जा. दुपारी जाऊ नका, त्या वेळी तो दुसऱ्या सोसायटीत कामावर असतो. रात्री जा.