नियोजनकाराने बाजू घ्यावी का? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गावा-शहरांच्या जमीनवापराचा आराखडा आखणाऱ्या नियोजनकाराने दुर्बल वस्त्यांची बाजू उघडपणे मांडली पाहिजे, या माझ्या मतावर आपण सविस्तर टीका केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. आपले म्हणणे मला समजले ते असे : नियोजनकार हा तंत्रज्ञ आहे, त्याने मोजणी करावी, आराखडा काढावा आणि निर्णय लोकप्रतिनिधींवर सोडावा, तो वकिली करू लागला तर त्याच्या नकाशावर कोणी विश्वास ठेवणार नाही. शिवाय गोव्यात विरोधामुळे कामे अडतात आणि त्याची झळ घर बांधू पाहणाऱ्या सामान्य गोमंतकीयाला बसते, असेही आपण लिहिले आहे.

विश्वासाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या मताला सोयीचे व्हावेत म्हणून आकडे वाकवणारा नियोजनकार कोणालाच नको. परंतु आकडे न वाकवणे आणि त्यांच्या परिणामांविषयी मौन पाळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. गोव्यातील मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या काठची खाजने, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनी पाहा. यांतील बरीचशी जमीन भरतीच्या पातळीखाली आहे. बाहेरचा बांध खारे पाणी रोखतो. बांधातील मानशीची, म्हणजे पाणी सोडण्याच्या झडपेची दारे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडून आतले पाणी बाहेर सोडतात. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर मानस बंद असेल तेवढे तास डोंगरउतारावरून उतरलेल्या पाण्याला खाजनातच थांबावे लागते. त्या खाजनाचा एखादा भाग मातीने भरून वसाहत क्षेत्रात, म्हणजे घरे बांधता येणाऱ्या क्षेत्रात घातला, तर तेथे मावणारे पाणी शेजारच्या सखल वाड्यावर चढते, आणि ज्यांना उंचावरची जागा परवडली नाही त्यांचीच घरे बहुधा तेथे असतात. नकाशावर मात्र एका सर्व्हे क्रमांकाचा रंग तेवढा बदललेला दिसतो. हे पाणी कोणाच्या उंबऱ्याशी जाणार ते न सांगणारा नकाशा मोजमापांत बिनचूक असला, तरी भराव टाकणाऱ्याच्या सोयीचाच ठरतो. म्हणून ते सांगणे हे मी नियोजनकाराच्या तांत्रिक कामातच धरतो.

हा विचार नवा नाही. पॉल डेव्हिडॉफ या अमेरिकी नियोजनकाराने 1965 साली असे मांडले होते की, सरकारी आराखडा हा एकमेव आराखडा असू नये. ज्यांच्याकडे पैसा आणि तज्ज्ञ नाहीत अशा गटांसाठीही नियोजनकारांनी आराखडे तयार करावेत आणि ते जाहीरपणे लढवावेत. न्यायालयात दोन्ही बाजूंना वकील असतात म्हणून न्यायाधीशावरचा विश्वास उडत नाही. आपण वकिलीचा दाखला दिलात, म्हणून हे आवर्जून लिहितो.

विरोधामुळे कामे अडतात, हे म्हणणे मात्र मला अपुरे वाटते. 2006 साली अधिसूचित झालेला, गोव्यातील जमिनीचा वापर ठरवणारा ‘प्रादेशिक आराखडा 2011’ लोकांच्या आंदोलनानंतर सरकारला 2007 मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांचा समावेश असलेले कृती दल नेमले गेले आणि प्रादेशिक आराखडा 2021 च्या मसुद्यावर गावागावांतून सूचना मागवल्या गेल्या. त्या प्रक्रियेत उणिवा होत्या, पण अख्ख्या गावाचा नकाशा समोर ठेवून चर्चा करण्याची सवय तिने अनेक पंचायतींना लावली. उलट, नगरनियोजन कायद्यात 2023 साली आलेले 17(2) आणि 2024 साली आलेले 39अ या कलमांनी एकेका भूखंडाचे क्षेत्र वेगळे काढून बदलण्याची वाट उघडली. 17(2) खालील नियम मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च 2025 मध्ये रद्द केले. भूखंडागणिक बदलांत गावाच्या विहिरी, वाटा आणि पाण्याचा निचरा यांचा एकत्रित हिशेब कोणीच मांडत नाही, आणि मग लोकांच्या हातात विरोधाखेरीज दुसरे साधन उरत नाही. काम अडू नये असे वाटत असेल, तर हा हिशेब निर्णयाच्या आधी मांडला गेला पाहिजे.

घर बांधू पाहणाऱ्या गोमंतकीयाची आपली काळजी मलाही आहे. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा 1975 सालचा असूनही अनेक कुटुंबे अजून आपल्या घराखालच्या जागेचे कागद हातात येण्याची वाट पाहत आहेत. क्षेत्रबदल करून उभ्या राहणाऱ्या आलिशान बंगल्यांनी त्यांचा प्रश्न सुटत नाही. पण आपल्या प्रतिक्रियेत आणखी एक वर्ग आला नाही, तो म्हणजे भाड्याच्या खोल्यांत राहणारे बांधकाम मजूर, मासेमारीच्या होड्यांवरील खलाशी आणि हॉटेलांतील कामगार. गावच्या मतदारयादीत नाव नसेल तर ग्रामसभेत त्यांना आवाज नाही, आणि पाणी चढते तेव्हा सर्वांत खालच्या खोल्या त्यांच्याच असतात. ग्रामसभेवर माझी श्रद्धा आहे, तरीही ग्रामसभेचा ठराव म्हणजे सर्वांचे म्हणणे, असे मी मानत नाही. या माणसांकडे जाऊन त्यांचे म्हणणे नोंदवणे आणि ते ग्रामसभेसमोर ठेवणे नियोजनकाराने टाळता कामा नये, मग गावातील काहींना ते रुचो वा न रुचो.

शेवटी आपण विचारले आहे की, पगार देणारे खाते किंवा शुल्क देणारा मालक गप्प राहण्यास सांगत असेल, तर नियोजनकाराने काय करावे. सरकारी सेवेत असलेल्याने आपले मत फाइलवर लेखी टिपणाच्या रूपात नोंदवावे : निचऱ्याची दिशा, उताराची तीव्रता, बाधित होणारी घरे आणि निदान एक पर्यायी जागा. फाइलवरील टिपणे माहिती अधिकार कायद्याखाली मागता येतात, त्यामुळे निर्णय उलट झाला तरी ते मत नागरिकांना आणि न्यायालयाला उपलब्ध राहते. खाजगी व्यवसाय करणाऱ्याने हे परिणाम दडवणाऱ्या कामावर सही करण्यास नकार द्यावा. आणि जो या दोन्हींपासून मोकळा आहे, त्याने हरकतींच्या मुदतीत पंचायतीत बसून प्रस्तावित बदल मराठी-कोंकणीत समजावून सांगावेत आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या हरकती त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात.